दुधाच्या अ‍ॅलर्जीचा फॉर्म्युला: सात महिन्यांच्या वापरानंतर

गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांसाठी लॅक्टोज-फ्री फॉर्म्युल्याचा (बाळाच्या दूध पावडरचा) डबा नाही, हे आधी पक्कं करा. त्यातून दुधाची साखर काढलेली असते, प्रथिनं तशीच राहतात, आणि अ‍ॅलर्जी प्रथिनांचीच असते. शेळीचं किंवा म्हशीचं दूधही बहुतेक मुलांना तितकंच बाधतं, घरातली मोठी माणसं काहीही म्हणोत. डॉक्टर साधारणपणे आधी एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला लिहितात. त्यात प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले असतात आणि दहातली नऊ मुलं त्यावर निभतात. ज्यांचं त्यावर भागत नाही त्यांना अमिनो अ‍ॅसिडचा, म्हणजे प्रथिनांच्या अगदी सुट्या घटकांचा. तो चांगलाच महाग.

खर्चाचा अंदाज असा. अमिनो अ‍ॅसिडच्या ४०० ग्रॅमच्या डब्यात जेमतेम अडीच-पावणेतीन लिटर दूध होतं. सहा किलोचं बाळ दिवसाला ९०० मिलीपर्यंत पितं, म्हणजे डबा जेमतेम तीन दिवस पुरतो. इंदूरला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये तो मिळेलच असं नाही. दवा बाजारात विचारा आणि निदान दोन बंद डबे घरात ठेवा.

चुका होतात त्या कालवताना. पाणी आधी मोजायचं, पावडर मागून. उलट केलं तर रेघेपर्यंत पाणी कमी बसतं, दूध दाट होतं, बाळाला बद्धकोष्ठ होतो. चमचा त्याच डब्यातला, सुरीच्या पाठीने सपाट केलेला, दाबून भरलेला नाही. डबा पुरावा म्हणून पाणी वाढवणं सगळ्यात वाईट: पोट भरतं, वजन मात्र अडतं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेलं पाणी साधारण ७० अंशांवर असताना कालवून मग गार करतात; पण प्रोबायोटिक (पोटाला उपयोगी जिवंत जिवाणू) असलेल्या डब्यावर कोमट पाणी लिहिलेलं असतं, तिथे डब्याचंच ऐका. जोरात हलवलं की फेस होतो आणि पोटात वारा जातो. बाटली गोल फिरवा. एप्रिल-मे महिन्यांत तयार दूध बाहेर दोन तासांवर ठेवू नका, उष्टं तर लगेच ओतून टाका. वाटी-चमचा किंवा बोंडलं बाटलीपेक्षा धुवायला सोपं.

चव कडवट, वास उकडलेल्या बटाट्यासारखा. चार महिन्यांच्या आतली बाळं मुकाट्याने पितात, मोठी तोंड फिरवतात. त्यांना थोडं गारसर द्या, वास कमी येतो. हिरवट-काळपट शी झाली तर घाबरू नका, तो फॉर्म्युल्याचा रंग. रक्त किंवा सतत शेंब दिसली तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

उलट्या काही दिवसांत थांबतात, त्वचेवरचं खरजेसारखं एक्झिमा जायला दोन ते चार आठवडे लागतात. तेवढ्यात ‘काही फरक नाही’ म्हणून डबा बदलू नये. फरक खरंच पडत नसेल तर आधी घरात शोधा: वरणभातावरचं तूप, बिस्किट, प्रसादाचा पेढा. स्तनपानही चालू असेल तर आईच्या चहातलं दूधसुद्धा. पाकिटावर ‘केसीन’ किंवा ‘व्हे’ दिसलं की ते दूधच.

दूध पुन्हा देऊन बघायचं ते सहा ते बारा महिन्यांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ओठ सुजणं, पित्त उठणं असं आधी झालेलं असेल, तर घरी एक चमचाही नाही.