लेबलला गाणं पाठवून पाहिलं : आठ महिन्यांचा अनुभव

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. खंजेरीचं भजन लहानपणापासून कानावर. मोठ्या बाबांनी लिहिलेल्या चार गाण्यांना मी चाली लावल्या आणि डिसेंबरपासून ती लेबलांना, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपन्यांना, पाठवतो आहे. चौदा ठिकाणी पाठवली, तीन उत्तरं आली, एक करार हातात पडला. मंडळातली पोरं विचारतात, करावं का? करावं, पण आधी हे वाचा.

रेकॉर्डिंग घरीच केलं. मागच्या खोलीत कापूस भरला होता, त्या ढिगासमोर माइक लावला. आवाज इतका कोरडा आला की खंजेरीची एकेक झांज वेगळी ऐकू येते. जानेवारीत कापूस विकला आणि तीच खोली घुमायला लागली. चौथं गाणं गोधड्या टांगून केलं, पण ती गोडी त्यात आली नाही.

पहिल्या पाच ठिकाणी मी तोवर झालेल्या सगळ्या गाण्यांच्या एमपीथ्री मेलला जोडल्या. एकाचंही उत्तर नाही. नंतर एकच गाणं साउंडक्लाउड या गाणी ठेवायच्या साइटवर प्रायव्हेट ठेवलं आणि चार ओळींच्या मेलमध्ये त्याची लिंक दिली. तिन्ही उत्तरं यातूनच आली, आणि तीही भक्तिगीतं-लोकगीतं काढणाऱ्यांकडूनच. मूळ वेव फाइल, म्हणजे एमपीथ्री करण्याआधीचं पूर्ण दर्जाचं रेकॉर्डिंग, मात्र जपून ठेवा, पुढे तीच मागतात.

एकाने छान लिहिलं, की सध्या जागा नाही, पुढचं गाणं जरूर पाठवा. दुसऱ्याने विचारलं, राष्ट्रसंतांचं एखादं भजन नव्या चालीत देता का? मोह झाला. पण तुकडोजी महाराज १९६८ साली गेले आणि कॉपीराइट लेखकाच्या पश्चात ६० वर्षं राहतो. म्हणजे २०२८ अखेरपर्यंत परवानगीचा प्रश्न आहेच. आपण रोज म्हणतो म्हणून ते भजन आपण कोणाला देऊ शकतो, असं होत नाही. मी नाही म्हटलं.

तिसऱ्याने करार पाठवला. पाच पानं, सगळं इंग्रजीत. एकरकमी ५,००० रुपये, हक्क कायमचे, संपूर्ण जगासाठी. रात्री मोठ्या बाबांना ओसरीवर बसवून ओळ न् ओळ मराठीत सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "माह्या गान्यावर माह्यं नाव कोठी हाय रे बाबू?" पाचही पानांत गीतकाराचं नाव नव्हतं. मला ते तोवर दिसलंच नव्हतं, याचं अजून वाईट वाटतं.

मग कॉपीराइटचा कायदा वाचला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गाण्याचे हक्क लेबलला दिले, तरी रॉयल्टीतला, म्हणजे गाणं वापरल्याबद्दल येणाऱ्या पैशातला, गीतकार-संगीतकाराचा बरोबरीचा वाटा लेबलला लिहून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे असे पैसे गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला, देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून "कायमचे" आणि "संपूर्ण जग" हे शब्द सहीआधी शोधाच. मी मुदत पाच वर्षं, दोघांची नावं आणि वाटा, एवढं मागितलं. पुढे त्यांनी फोन उचलला नाही.

शेवटी एक गाणं डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर गाणी पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, स्वतःच काढलं. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं लागलं, आयएसआरसी म्हणजे गाण्याचा बारा अक्षरी क्रमांक त्यांनीच दिला. पैशाची घाई करू नका. बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय स्पॉटिफाय त्या गाण्याची रॉयल्टी देत नाही, आमचं सहाशेच्या पुढे गेलंय. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या सोसायटीसाठी आम्हा दोघांचे कागद जमवणं चालू आहे. मोबाइलवर गीतकाराच्या जागी आपलं नाव आलेलं मोठ्या बाबांनी तीनदा उघडून पाहिलं.

सध्या कपाशीला डवरणी चालू आहे. कापूस घरात आला की पाचवं गाणं त्याच खोलीत करायचं, आणि "पुढचं पाठवा" म्हणणाऱ्या लेबलला पहिल्यांदा पाठवायचं. मेलच्या पहिल्या ओळीत गीतकाराचं नाव असेल.