फाउंडेशनची दुसरी त्रयी: सात महिने वाचून झाल्यावर

आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी फसवलं असं म्हणायला नको. ‘फाउंडेशन’ ही आयझॅक असिमॉव्हची गाजलेली विज्ञानकथांची मालिका, पण ही तीन पुस्तकं असिमॉव्हची नव्हेत. असिमॉव्ह १९९२ साली गेले. त्यानंतर त्यांच्या पत्नी जॅनेट आणि त्यांच्या लेखनाचे हक्क सांभाळणाऱ्यांच्या पुढाकाराने तीन लेखकांनी तीन कादंबऱ्या लिहिल्या: ग्रेगरी बेनफर्डची ‘फाउंडेशन्स फिअर’ (१९९७), ग्रेग बेअरची ‘फाउंडेशन अँड केऑस’ (१९९८) आणि डेव्हिड ब्रिनची ‘फाउंडेशन्स ट्रायम्फ’ (१९९९). तिघेही त्याआधीच नाव कमावलेले. इंग्रजीत तिघांची आडनावं ‘बी’ने सुरू होतात म्हणून विज्ञानकथावाल्यांनी त्यांना ‘किलर बीज’ (म्हणजे ‘मारेकरी मधमाश्या’, ‘बी’वरचा श्लेष) असं नाव ठेवलं होतं. मराठीतही तिघे ‘ब’च्याच बाराखडीत बसतात, ही त्यातली गंमत.

मी ही त्रयी जूनमध्ये मागवली, जानेवारीत संपवली. पहिलं आणि तिसरं पुस्तक कोरं मिळालं. दुसरं जुनंच मिळालं, आणि तेही कुणाच्या तरी खिडकीपाशी पावसात भिजलेलं, शेवटची चाळीस पानं पापडासारखी कडक. तक्रार करण्यात अर्थ नव्हता. वाफेवर धरून एकेक पान सोडवलं.

माझी पार्श्वभूमी सांगायला हवी, कारण या पुस्तकांबद्दल कोण काय म्हणतो हे तो मूळ मालिकेत कुठल्या दाराने शिरला यावर ठरतं. मी मामाच्या दाराने शिरले. मामाकडे सांगलीला मूळ तीन पुस्तकं होती (१९५१, ५२, ५३), खाकी कव्हर घातलेली. दहावीच्या सुट्टीत त्याने पहिलं हातात दिलं आणि म्हणाला, “यात मारामारी नाही, बघ जमतंय का.” खरंच नव्हती. साम्राज्य कोसळणार आहे, त्यानंतर तीस हजार वर्षांचा अंधार आहे, तो गणिताच्या जोरावर एक हजार वर्षांवर आणता येईल, असं हॅरी सेल्डन नावाचा गणिती सांगतो, आणि त्यासाठी टर्मिनस नावाच्या दूरच्या ग्रहावर ‘फाउंडेशन’ ही संस्था उभी करतो. पुढे शतकानुशतकं माणसं खोल्यांमध्ये बसून बोलतात. लढाया कुठेतरी पडद्याआड होतात. आणि तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही.

या वेळी मी नवीन त्रयी घेतल्याचं फोनवर सांगितलं तर मामा म्हणाला, “अगं, उष्टं कशाला खातेस?”

हे एक टोक. दुसरं टोक माझा भाचा. तो २०२१ साली ॲपलच्या टीव्हीवर आलेल्या ‘फाउंडेशन’ मालिकेतून आला. सम्राट क्लिऑनच्या प्रतिकृती पिढ्यानपिढ्या गादीवर बसतात हे मूळ पुस्तकात कुठेच नाही, हे कळल्यावर त्याचा चेहरा पडला होता. त्याच्या लेखी असिमॉव्ह काय आणि नंतरचे तिघे काय, सगळे सारखेच जुने. त्याने तिसरं पुस्तक आधी वाचलं आणि त्याला ते आवडलं. मी या दोघांच्या मध्ये.

आता एकेक पुस्तक.

‘फाउंडेशन्स फिअर’ने मला दोन महिने छळलं. बेनफर्ड हे पेशाने भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आणि ते लपत नाही. असिमॉव्हची यानं हायपरस्पेसमधून उडी मारून पलीकडे निघतात, कसं ते कुणी विचारत नाही. बेनफर्ड तिथे वर्महोलचं, म्हणजे अवकाशातल्या आडवाटेच्या बोगद्यांचं, जाळं आणतात आणि त्यात आपल्याला फिरवतात. ते एक वेळ चालेल. पण सेल्डन पंतप्रधान होणार की नाही ही मूळ गोष्ट चालू असताना मधेच तत्त्वज्ञ व्हॉल्टेअर आणि संत जोन ऑफ आर्क यांची संगणकात जिवंत केलेली रूपं येतात, श्रद्धा आणि बुद्धी यांवर वाद घालतात, आणि घालतच राहतात. पहिल्या वेळी मजा आली. चौथ्या वेळी मी उठून कुकर लावला. मग सेल्डन आणि त्याची बायको डॉर्स एका ग्रहावर सुट्टीला जातात आणि चिंपांझींच्या डोक्यात शिरून जगतात. हा भाग बेनफर्डनी आधी स्वतंत्र दीर्घकथा म्हणून लिहिला होता, आणि एकटा वाचला तर फर्मास आहे: जीव मुठीत धरून पळणं, टोळीतला दरारा, अंगाला येणारा वास. पण कादंबरीत तो दुसऱ्याच्या लग्नात आलेल्या वरातीसारखा वाटतो. या पुस्तकाला सगळ्यात जास्त शिव्या पडतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा रास्त आहेत. ज्यांना वेळ नाही त्यांनी व्हॉल्टेअर-जोनची प्रकरणं चाळून पुढे जावं, पण पूर्ण वगळू नये. पुढच्या पुस्तकांत त्यांचे धागे येतात.

एक मात्र बेनफर्डच्या बाजूने. आकाशगंगेत कोट्यवधी ग्रह, आणि सगळीकडे फक्त माणूसच कसा, हा प्रश्न मूळ मालिका वाचताना मला कधी पडलाच नव्हता. बेनफर्डना पडला. त्यांनी दिलेलं उत्तर अंगावर येतं. इथे सांगत नाही.

‘फाउंडेशन अँड केऑस’ हे तिघांतलं सगळ्यात नीट बांधलेलं. मूळ पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला सेल्डनवर खटला चालतो. तो भाग असिमॉव्हनी १९५१ सालच्या पुस्तकासाठी नव्याने लिहिला होता. बेअरनी गोष्ट तिथेच रोवली आहे, म्हणजे मूळ खटला समोर चाललेला असताना मागच्या दाराने काय चाललं होतं ते. लोडोव्हिक ट्रेमा नावाचा रोबो एका यानात असतो, जवळच्या ताऱ्याच्या स्फोटातून आलेल्या न्यूट्रिनोंच्या लाटेत सगळी माणसं मरतात, तो उरतो. आणि त्याच्या ध्यानात येतं की आपल्यातले ते तीन नियम आता गळून गेलेत. माणसाला इजा करायची नाही, आज्ञा पाळायची, स्वतःला जपायचं, यातलं काहीच आता सक्तीचं नाही. तो काय करतो? फारसं काही नाही. तो तसाच सभ्य वागत राहतो आणि आपण असं का वागतोय याचा विचार करत बसतो. या एका पात्रासाठी मी पैसे वसूल मानते. वाफेवर सोडवलेली चाळीस पानं मी एका रात्रीत वाचली, हाताला ओलसर कागदाचा वास येत होता.

इथे मामाशी वाद झाला. त्याचं म्हणणं, फाउंडेशनमध्ये रोबो येणं हीच मुळात भेसळ. मूळ त्रयीत रोबो नाहीतच, आणि खरी गोष्ट सेल्डनच्या गणिताची आहे. आता मागून कळणार की हजारो वर्षं पडद्यामागून डॅनील ऑलिव्हॉ नावाचा रोबो सगळं चालवत होता, तर मग गणिताला किंमत काय राहिली? मुद्दा बिनतोड आहे. फक्त आरोपी चुकलाय. ही भेसळ या तिघांनी नाही, खुद्द असिमॉव्हनी केली. १९५३ नंतर त्यांनी तब्बल एकोणतीस वर्षं मालिकेची कादंबरी लिहिली नाही. प्रकाशक मागे लागल्यावर १९८२ साली ‘फाउंडेशन्स एज’ आली, तिला विज्ञानकथांचा मानाचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला, आणि तिथपासून त्यांनी आपल्या रोबोकथा आणि फाउंडेशन यांची मोट बांधायला घेतली. म्हणजे ही मालिका पुढे चालवणारा पहिला ‘नवा लेखक’ साठी ओलांडलेला असिमॉव्हच होता. मामाने यावर “असेल” एवढंच म्हटलं. मामाचं “असेल” म्हणजे अर्धी हार.

माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती तिघांबद्दल एकत्र आहे. असिमॉव्हनी १९८६ साली ‘फाउंडेशन अँड अर्थ’मध्ये गोष्ट जिथे सोडली तिथे हजार वर्षांपैकी जेमतेम पाचशे झाली होती. सगळी आकाशगंगा एकच सामायिक मन होणार, ‘गॅलेक्सिया’ होणार, असा कौल लागतो आणि पुस्तक संपतं. पुढे कसं न्यायचं हे न सुचल्यामुळे असिमॉव्ह मागे वळले आणि सेल्डनच्या तरुणपणाकडे गेले. ठीक. पण नंतर आलेले तिघेही मागेच गेले! तिन्ही कादंबऱ्या सेल्डनच्या हयातीतच घडतात. उरलेली पाचशे वर्षं कुणी लिहीतच नाही. वाड्याच्या पुढच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही, नुसती माजघरात आवराआवर.

तिसरं पुस्तक ही तक्रार थोडी कमी करतं. (शेवट कळलेला चालणार नसेल तर इथे थांबा.) ब्रिनचा सेल्डन म्हातारा आहे, चाकांच्या खुर्चीत आहे, टर्मिनससाठीचे संदेश ध्वनिचित्रित करून झालेत, त्याला आता कुणी काम देत नाही. होरिस अँटिक नावाचा एक किरकोळ सरकारी अधिकारी त्याला भेटतो, ज्याला ग्रहाग्रहांवरच्या मातीबद्दल एक शंका आली आहे. माती! मला हा माणूस फार ओळखीचा वाटला. बँकेत बावीस वर्षं काढली की असे दोन-तीन भेटतात: एका नोंदीचा हिशेब लागत नाही म्हणून झोप उडालेले. त्या मातीवरून सेल्डन प्रवासाला निघतो आणि ब्रिन मालिकेतली जवळजवळ प्रत्येक लोंबकळणारी दोरी पकडून गाठ मारतात. कधी कधी अती होतं. प्रत्येक गोष्टीला कारण असलंच पाहिजे का, असं वाटतं. भाच्याला नेमकं हेच आवडलं, मला यानेच थोडी धाप लागली.

पण शेवटी सेल्डन आणि डॅनील समोरासमोर बसतात, एका खोलीत, बोलत, अगदी जुन्या वळणावर. डॅनीलला खात्री आहे की गॅलेक्सिया येणार. सेल्डन त्याच्याशी पैज लावतो: हजार वर्षांनी ‘एन्सायक्लोपीडिया गॅलॅक्टिका’च्या, म्हणजे फाउंडेशनच्या आकाशगंगेच्या ज्ञानकोशाच्या, आवृत्त्या निघत असतील की नाही? सगळ्यांचं मन एकच झालं तर ज्ञानकोश छापायचा कुणासाठी?

रात्री साडेदहाला मी मामाला फोन लावला. पैज सांगितली. तो गप्प. मग म्हटलं, “मामा, तुझं पहिलं पुस्तक काढ. पहिल्या प्रकरणाच्या डोक्यावर ज्ञानकोशातला उतारा आहे ना, त्याची तळटीप वाच.” कपाटाचं दार, खाकी कागदाची खसखस, चष्म्याची डबी. तो इंग्रजीतून सावकाश वाचू लागला: उतारे ११६व्या आवृत्तीतून घेतले आहेत, प्रकाशन टर्मिनस, फाउंडेशन शक १०२०.

“एक हजार वीस,” तो पुन्हा म्हणाला. “हे इथे पहिल्यापासून होतं?”

“पहिल्यापासून.”

“ते तिसरं पुस्तक,” मामा म्हणाला, “येताना घेऊन ये. पहिलं नको.”