बोटीवरून लँडस्केप की किनाऱ्यावरून? प्रदर्शन लावणाऱ्यांसाठी एक तुलना

शिडाची बोट घ्यायची, तिच्यावरच राहायचं, बंदरामागून बंदरं करत लँडस्केप टिपायचे आणि वर्षाकाठी एखादं प्रदर्शन लावायचं, हा बेत मनात घोळवणारे फोटोग्राफर बरेच आहेत. दुसरा पर्याय साधा: घर जमिनीवरच ठेवायचं आणि किनारे गाडीने, पायी पालथे घालायचे. दोन्हीकडे समुद्र तोच, पण भिंतीवर लागणारं चित्र वेगळं. म्हणून बोटीच्या किमती बघण्याआधी एक ठरवा: तुम्हाला प्रिंट केवढी लावायची आहे?

सगळ्यात मोठा फरक पडतो शटर स्पीडमध्ये. खडकावर ट्रायपॉड रोवला की पहाटेच्या उजेडात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, एफ/११ (लेन्सचं लहान छिद्र) आणि काही सेकंदांचं एक्स्पोजर आरामात घेता येतं. पाणी धूसर होतं, खडक कातीव येतो. डेकवर ट्रायपॉड लावून उपयोग नाही, कारण त्याच्या पायांखालचं सगळंच हलतंय. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन हाताची थरथर आवरतं, बोटीचं डोलणं नाही. त्यामुळे शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवावा लागतो आणि ज्या संधिप्रकाशासाठी झोप मोडली, त्यातच आयएसओ हजारांत जातो. मोबाइलच्या पडद्यावर हे खपून जातं. मीटरभर रुंद प्रिंटमध्ये मात्र आकाशाच्या सपाट भागात नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, उठून दिसतो.

त्यात क्षितिज तिरकं. २४ मेगापिक्सेलची फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची असते. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ती २० इंच रुंद छापता येते. क्षितिज ५ अंश कललं असेल, तर सरळ करून तेच प्रमाण राखताना त्यातले सव्वादोन इंच कापले जातात. नांगर टाकल्यावर तरी शांतता मिळेल असं वाटतं, पण तेव्हाही बोट वाऱ्याबरोबर आणि प्रवाहाबरोबर नांगराभोवती फिरत राहते. फ्रेम लावून उजेडाची वाट बघावी, तर उजेड येईपर्यंत फ्रेमच सरकलेली असते.

उंचीचा मुद्दा सहसा कुणी धरत नाही, पण तो महत्त्वाचा आहे. डोळा पाण्यापासून २ मीटरवर असेल तर क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरवर असतं. ५० मीटर उंच कड्यावर उभं राहिलं की ते २५ किलोमीटरवर जातं. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो १९८० पासून समुद्राची छायाचित्रं करत आले आहेत, अर्धं पाणी आणि अर्धं आकाश, आणि तीही जमिनीवर उभं राहून. तसा विस्तार, तसं स्थैर्य हवं असेल तर बोट घेण्यात अर्थ नाही.

मग बोट देते काय? किनाऱ्याचा चेहरा. कड्यावर उभं राहिलं की कडाच दिसत नाही, आपण त्याच्या डोक्यावर असतो. पूर्वेला तोंड असलेल्या कड्यावर सकाळचं ऊन समोरून पडतं ते पाण्यावरूनच दिसतं. दगडाचे थर, भरतीच्या खुणा, गुहांची तोंडं, जिथे रस्ता जात नाही अशा खाड्या हा सगळा ऐवज बोटवाल्याचा. शिवाय किनारा एका चित्रात नाही, एकापुढे एक सरकत भेटतो. म्हणून माझ्या मते बोटीवरचं काम मोठ्या एकट्या प्रिंटपेक्षा १२-१५ इंची प्रिंटांच्या लांब रांगेत जास्त बोलतं. तिथे नॉइजही फारसा खुपत नाही.

वेळ आणि पैसा याबाबत तुलना जवळजवळ एकतर्फी आहे. ५ नॉट (ताशी सुमारे ९ किलोमीटर) वेगाने चोवीस तास चाललात तर २२० किलोमीटर होतात. गाडीने तेवढं अंतर दुपारपर्यंत कापून संध्याकाळचा उजेड गाठता येतो. बोटीच्या देखभालीला दरवर्षी तिच्या किमतीच्या १० टक्के धरा, असा शिडवाल्यांचा ठोकताळा आहे. गॅलरीचं कमिशन बऱ्याचदा ४० ते ५० टक्के असतं, आणि छपाई-फ्रेमिंगचा खर्च अनेकदा फोटोग्राफरच्याच माथी. हे दोन आकडे एका कागदावर मांडून बघा. प्रिंट बोटीत ठेवताही येत नाहीत, दमट हवेत कागद लाटांसारखा होतो. म्हणजे जमिनीवर कोरडी खोली भाड्याने घ्यावीच लागते.

पैशांपेक्षा मला तारीख जास्त भीतीदायक वाटते. उद्घाटन शुक्रवारी आहे म्हणून गुरुवारच्या वादळी हवेत नांगर उचलणं हा समुद्रावरचा सगळ्यात वाईट निर्णय. बोटीवर राहणार असाल तर काम प्रदर्शनाच्या कितीतरी आधी किनाऱ्यावर पोचवा आणि फाइल्सची एक प्रत नेहमी जमिनीवर ठेवा. १९१५ मध्ये शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेची बोट ‘एन्ड्युरन्स’ बर्फात चिरडली गेली, तेव्हा मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्लीने वजनापायी ४०० च्या आसपास काचेच्या प्लेट फोडून १२० च्या आसपास वाचवल्या. आपल्याकडे निदान ती सबब नाही.

खाऱ्या पाण्याचं एकच सांगतो. तुषार फिल्टरवर वाळला की मिठाचे कण उरतात. कोरड्या कापडाने पुसलंत तर चरे पडलेच. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेलं कापड नुसतं टेकवायचं, मीठ विरघळू द्यायचं, मग पुसायचं. लेन्स बदलायची ती केबिनमध्ये.

या दोन्हींच्या मधला रस्ता मला सगळ्यात पटतो: बोट प्रवासाला, ट्रायपॉड कामाला. नांगर टाकून डिंगीने (सोबतच्या छोट्या होडीने) किनाऱ्यावर उतरायचं आणि मोठी चित्रं तिथे करायची. जाता-येता पाण्यावरून मालिका टिपायची. फक्त नांगरलेली बोट एकटी सोडून कड्यावर दोन तास बसायचं, तर बोटीवर दुसरा जाणता माणूस हवा. एकटे असाल तर हा पर्याय निम्मा बाद.

बोट विकत घेण्याआधी एक हंगाम दुसऱ्याच्या बोटीवर क्रू म्हणून जा. पहाऱ्याच्या पाळ्या, दुरुस्ती आणि ओकाऱ्या यांतून फोटोला किती वेळ उरतो ते तिथे कळेल. परत आल्यावर सगळ्यात चांगल्या फ्रेमची मीटरभर रुंद प्रिंट काढा आणि ती तशीच किनाऱ्यावर घेतलेल्या फ्रेमशेजारी लावून बघा.