रोमन साम्राज्याचा भिंतीवरचा नकाशा: आठ महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये ऑनलाइन मागवला. चार बाय तीन फूट, लॅमिनेट केलेला, इ.स. ११७ चा, म्हणजे सम्राट ट्राजन गेला त्या वर्षीचा. जेवणाच्या टेबलासमोर लावलाय, त्यामुळे रोज दोनदा तरी नजर जातेच.

आधी तक्रार. नळकांड्यातून आला तो गुंडाळी धरूनच. आठवडाभर गादीखाली दाबला तरी कोपरे वळलेलेच. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर 'हेअर ड्रायर फिरवा' असं उत्तर आलं. फिरवला, एक कोपरा फुगला. छपाई मात्र चोख आहे. रस्ते, बंदरं, सैन्याच्या छावण्या सगळं नीट ओळखू येतं.

खरी खटकणारी गोष्ट महिन्याभराने लक्षात आली. ब्रिटनपासून मेसोपोटेमियापर्यंत एकच सपाट लाल रंग! मेसोपोटेमिया ट्राजनने जेमतेम घेतला आणि हेड्रियनने गादीवर येताच सोडून दिला, तरी तो इटलीइतकाच गडद. भाषांचा तर पत्ताच नाही. ग्रीस जिंकून अडीचशे वर्षं उलटली होती, तरी पूर्वेकडच्या शहरांचा कारभार ग्रीकमध्येच चालायचा आणि रोममधल्या बड्या घरची पोरं ग्रीक शिकायची. जिंकलं कुणी आणि शिकवलं कुणी, हे त्या लालात दिसत नाही.

म्हणून मी कागदी झेंड्या टोचायला लागलो. लॅमिनेशनला भोकं पडली, पण पैसे तेव्हापासून वसूल व्हायला लागले. पहिली झेंडी इंग्लंडमधल्या बाथला. तिथल्या गरम झऱ्याची मूळ देवी सुलिस. रोमनांनी तिची सांगड आपल्या मिनर्व्हा देवीशी घातली, शेजारी स्नानगृह उभारलं. भाविक शिशाच्या पत्र्यावर चोराला शाप लिहून झऱ्यात टाकायचे. कुणाचा झगा गेलेला, कुणाचे आंघोळीचे कपडे. फिर्याद थेट देवीकडे!

माझी लाडकी झेंडी ईशान्य इंग्लंडमधल्या साऊथ शील्ड्सला आहे. तिथे दुसऱ्या शतकातला एक थडग्याचा दगड मिळाला. रेजिना, वय ३०, दक्षिण ब्रिटनच्या कॅटुवेलॉनी जमातीतली. आधी गुलाम, मग मुक्त, मग त्याच मालकाची बायको. नवरा बाराटेस, सीरियातल्या पाल्मायराचा. दगडावर ती वेताच्या खुर्चीत बसलीय, मांडीवर सूत काततानाची चाती, पायाशी लोकरीच्या गुंड्यांची टोपली. लॅटिन मजकुरात व्याकरणाच्या चुका आहेत; त्याखाली पाल्मायराच्या लिपीतली एकच ओळ सफाईदार: रेजिना, बाराटेसने मुक्त केलेली, अरेरे! दोन गावांमध्ये दोरा ताणला, तर सरळ रेषेतही ३,५०० किलोमीटरच्या वर अंतर भरलं.

प्रेमकथा म्हणून दोन दिवस मी खूश होतो. मग मुलगी म्हणाली, "बाबा, तिला कुणी विचारलं होतं का?" त्यावर दगड गप्प, मीही.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण उजव्या खालच्या कोपऱ्यासाठी कापला. तिथे नकाशा तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरापाशी संपतो, आणि तिथूनच तर जहाजं मोसमी वारा पकडून आपल्या किनाऱ्याला यायची! कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये तिथल्याच ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, ब्राँझची छोटी मूर्ती आहे. तिची झेंडी मी चौकटीबाहेर, उजवीकडे खाली, गिलाव्यातच ठोकलीय. स्विचबोर्डाच्या शेजारी.