टेप गेली, आता रेकॉर्डिंग कशावर?

मावशीचा व्हीसीआर या पावसाळ्यात गेला. म्हणजे टेप आत घेतो, घर्र करतो आणि तशीच बाहेर ढकलतो. चिपळूणचा दुरुस्तीवाला म्हणाला, बेल्ट सैल झालाय, पण या मापाचा बेल्ट आता मिळत नाही. नवा व्हीसीआर तर विसराच. जपानच्या फुनाईने २०१६च्या जुलैत शेवटचे व्हीसीआर बनवले, त्यानंतर कोणीच बनवत नाही. ‘मग मी साडेआठची मालिका टेप कशावर करू?’ असं मावशीने विचारलं आणि दुकानातले, ऑनलाइनचे, शेजाऱ्यांकडचे सगळे पर्याय चाळून बघायचं काम माझ्याकडे आलं.

चाळताना एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. टेप एकटी दोन कामं करायची. भजनाला जायचं असेल तर आजचा भाग उद्या दाखवायची, आणि सह्याद्रीवरची एखादी मैफल वीस वर्षं कपाटात सांभाळायची. नव्या यंत्रांमध्ये ही दोन कामं वेगळी झालीत. जे यंत्र उद्या दाखवण्यात हुशार आहे ते जपण्यात कच्चं, आणि उलटही तसंच. म्हणून आधी स्वतःला विचारा: बघून पुसायचंय की ठेवायचंय?

हार्ड डिस्कवाला डीटीएच बॉक्स

वापरायला सगळ्यात सुखाचा हाच. टाटा स्कायने (आताचं टाटा प्ले) २००८ साली टाटा स्काय प्लस आणला, तेव्हापासून ही जात आपल्याकडे आहे. पडद्यावरच्या कार्यक्रमपत्रिकेत मालिकेवर जाऊन एकदा बटण दाबलं की रोजचा भाग आपोआप साठतो. आत दोन ट्यूनर (वाहिनी पकडणारे भाग) असतात, त्यामुळे एक वाहिनी रेकॉर्ड होताना दुसरी बघता येते. त्यासाठी छत्रीपासून दोन केबल ओढाव्या लागतात, हे मात्र बसवायला आलेला माणूस आयत्या वेळी सांगतो. फोन वाजला तर चालू कार्यक्रमही थांबवता येतो.

खोट आहे ती मालकीत. रेकॉर्डिंग तुमच्या घरात असतं, पण कुलूप कंपनीचं असतं. डिस्कवरचा कार्यक्रम काढून संगणकावर घेता येत नाही. बॉक्स बिघडला आणि कंपनीने बदलून दिला, की जुन्या डिस्कवरचं सगळं गेलं. बऱ्याच ठिकाणी रिचार्ज संपला की साठवलेलंही उघडत नाही. शिवाय डिस्क भरली की काही बॉक्स सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग न विचारता पुसतात. सेटिंगमध्ये ‘ठेवा’ अशी खूण करायची सोय असते, पण ती शोधावी लागते. टेपचं बरं होतं. कडेची प्लास्टिकची चिमुकली पट्टी मोडली की त्यावर दुसरं काही चढायचं नाही.

पेन ड्राइव्ह लावायचा बॉक्स

दुकानदार हाच पुढे करतो, कारण स्वस्त पडतो. बॉक्सच्या मागे यूएसबीचं भोक, त्यात तुमचा ड्राइव्ह. जागेचा हिशेब तर टेपला लाजवेल असा आहे. ई-१८० टेपवर तीन तास मावायचे, म्हणजे अर्ध्या तासाचे सहा भाग. साध्या एसडी वाहिनीला तासाला साधारण एक जीबी धरला तर ६४ जीबीच्या ड्राइव्हवर साठेक तास बसतात. बोटाएवढ्या वस्तूत वीस टेपा! एचडी वाहिनीला मात्र तासाला तीन-चार जीबी लागतात, तिथे हा आकडा पंधरा-वीस तासांवर येतो.

पण इथे घोळही जास्त आहेत. पैसे भरून बघायच्या वाहिन्यांचं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सपुरतं कुलूपबंद असतं. ड्राइव्ह काढून लॅपटॉपला लावला तर फाइल दिसते, उघडत नाही. बहुतेक वेळा ट्यूनर एकच असतो, म्हणजे साडेआठला रेकॉर्डिंग लागलं की घरातल्या सगळ्यांनी तीच वाहिनी बघायची. स्वस्त ड्राइव्हची लिहिण्याची गती कमी असते, मग चित्र अडखळतं आणि दोष अँटेनावर जातो. मोठी जागा हवी म्हणून बाहेरची हार्ड डिस्क लावाल, तर जुन्या बॉक्सच्या यूएसबीतून तिला पुरेशी वीज मिळत नाही. ती टकटक करत बसते. तिला स्वतःचा अडॅप्टर हवा. आणि ड्राइव्ह पहिल्यांदा लावल्यावर बॉक्स तो फॉरमॅट करतो, तेव्हा नातवाच्या बारशाचे फोटो असलेला ड्राइव्ह त्यात घालू नका. माझ्या एका मित्राने घातला होता. घरात आठवडाभर त्या विषयावर कोणी बोलत नव्हतं.

फ्री डिश

टेपचा खरा वारस शोधाल तर तो इथे सापडतो. दूरदर्शनची ही फुकट छत्री २००४च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. दरमहा भाडं नाही, आणि जी वाहिनी कुलूप न लावता येते तिचं रेकॉर्डिंगही साध्या बॉक्सवर उघडं साठतं. फाइल संगणकावर व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये चालते, कापता येते, भावाला पाठवता येते. एकच ट्यूनर असला तरी त्याच फ्रिक्वेन्सीवरची दुसरी वाहिनी बघता येते, एवढी सवलत बरेच बॉक्स देतात. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीनंतर फाइलचे तुकडे पडतात, एवढं ध्यानात ठेवा. लांब मैफलीत नेमका तराण्याच्या मध्ये जोड येतो.

अडचण उघड आहे: मावशीची मालिका तिथे नाही. सह्याद्री आहे, बाकीच्या वाहिन्या जागांच्या लिलावाप्रमाणे येतात-जातात. पण तुम्ही सह्याद्रीचेच भक्त असाल तर पुढचं वाचायची गरज नाही, हाच घ्या.

टीव्हीच्या रिमोटवरच्या रेकॉर्ड बटणाबद्दल दोनच वाक्यं. ते टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरमधून आलेल्या कार्यक्रमालाच लागू असतं. आपल्याकडे चित्र सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआयने येतं, म्हणून ते बटण निरुपयोगी. डीव्हीडी रेकॉर्डरही जुन्या बाजारात दिसतो. ४.७ जीबीच्या तबकडीवर चांगल्या प्रतीत दोन तास मावतात, पण त्याची लेझर दमली की नवी मिळणं बेल्टएवढंच कठीण.

कॅप्चरची डबी

ही थोडी खटपटीची वाट, पण मला सगळ्यात आवडलेली. बॉक्सच्या मागे पिवळी-लाल-पांढरी एव्ही पिन असते, किंवा त्याऐवजी हेडफोनसारखं एक भोक. तिथून वायर यूएसबीच्या छोट्या डबीत आणि डबी लॅपटॉपला. व्हीसीआरला जे चित्र जात होतं तेच इथे येतं, फक्त आता त्याची फाइल होते आणि ती तुमची असते. चित्र एचडी नसतं. तरी व्हीसीआरच्या टेपेपेक्षा स्वच्छ दिसतं, कारण टेपवर आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा उतरायचा. एचडीएमआयमधून असं करायला जाल तर एचडीसीपी नावाचं कुलूप आडवं येतं आणि पडदा काळा दिसतो. म्हणून बॉक्स घेण्याआधी त्याची पाठ बघा, एव्ही आहे का.

त्रास इतकाच की व्हीसीआरच्या काळासारखं बॉक्स त्याच वाहिनीवर चालू ठेवून जावं लागतं, आणि लॅपटॉपही. लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, बॉक्स बंद पडतो आणि तुम्हाला अर्धा तास निळा पडदा रेकॉर्ड झालेला मिळतो. रविवारचे महाएपिसोडही वेळ पाळत नाहीत. आधी पाच आणि नंतर पंधरा मिनिटं जास्तीची धरूनच टायमर लावा.

आणि रोजच्या मालिकेसाठी रेकॉर्डिंग हवंच कशाला, हाही प्रश्न आहे. झी मराठीचे भाग झी५ या ॲपवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीचे जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीचे सोनीलिव्हवर मिळतात. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनेही २०२४च्या नोव्हेंबरात गोव्यातल्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात स्वतःचं वेव्हज हे ॲप काढलं. बघून सोडून द्यायचं असेल तर याहून सोपं काही नाही. पण गणपतीतला एखादा खास कार्यक्रम किंवा जुनी मालिका तिथे सापडेलच असं नाही, आणि आज आहे ते पुढच्या वर्षी असेलच असंही नाही.

मावशीकडे शेवटी दोन गोष्टी आल्या. साडेआठची मालिका आता ती फोनवर बघते, चष्मा कपाळावर चढवून. आणि कॅप्चरची डबी, कारण कपाटात एकेचाळीस टेपा होत्या आणि त्यातल्या अकरांवर पांढरी बुरशी चढू लागली होती. चांगल्या टेपा चालवायला शेजारच्या गावातून एक व्हीसीआर उसना आणला. पहिली टेप सह्याद्रीवरच्या मैफलीची, लेबलवर काकांचं अक्षर, कडेची पट्टी मोडलेली. दोन तास लागले. फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन तिच्या हातात दिली, तर तिने तो उलटासुलटा करून बघितला.

‘यावर दुसरं काही चढू नये म्हणून काय मोडायचं रे?’