स्पेक्ट्रम की कमोडोर ६४? बेसिक लिहिणाऱ्याच्या नजरेतून

जुना आठ बिटांचा होम कॉम्प्युटर घ्यायचा ठरला की शेवटी निवड झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ या दोघांत होते. दोन्ही १९८२ सालचे, दोन्ही चालू करताच बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा घेऊन हजर. प्रोसेसर कोणता, रंग किती, हे तुम्हाला ठाऊक असणार, म्हणून ते सोडून देतो. रोज हाताळायला कोणता सुखाचा, एवढंच पाहू.

नुसते गेम खेळायचे असतील तर फार विचार न करता कमोडोर घ्या. आठ हार्डवेअर स्प्राइट (चिपच हलवते ती छोटी चित्रं), पडदा अलगद सरकवण्याची सोय आणि बॉब यानेसनं घडवलेली तीन आवाजांची सिड चिप, यांना स्पेक्ट्रमकडे उत्तर नाही. ‘पॅराड्रॉइड’ किंवा ‘विझबॉल’ खेळून बघा; रॉब हबर्ड आणि मार्टिन गॅलवे यांचं संगीत तर आजही मुद्दाम ऐकावं असं आहे. स्पेक्ट्रमवर आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकटीत दोनच रंग मावतात, त्यामुळे झाडापुढून जाणारं पात्र झाडाचा रंग घेतं. चांगल्या लेखकांनी ही मर्यादा धरूनच रचना केली: १९८४ च्या ‘नाइट लोअर’मध्ये प्रत्येक खोली एकाच रंगात आहे, आणि तो गेम त्यामुळे कुठेही उणा वाटत नाही. ‘ड्रिलर’सारख्या भरीव त्रिमितीय गेममध्ये उलट स्पेक्ट्रमच जास्त चपळ वाटतो. पण एकूण पारडं कमोडोरचंच.

जॉयस्टिक कमोडोरच्या दुसऱ्या पोर्टात लावा. पहिला पोर्ट कीबोर्डच्याच तारांवर आहे; त्यात दांडी हलवली की पडद्यावर अक्षरं उमटतात. ४८के (४८ केबी मेमरीच्या) स्पेक्ट्रमला पोर्टच नाही, मागच्या कडेला केम्पस्टन हा जॉयस्टिकसाठीचा इंटरफेस लावावा लागतो. तो लावताना किंवा काढताना वीज बंदच हवी. त्या कडेवर वीजपुरवठ्याच्या पट्ट्या इतर पट्ट्यांना खेटून आहेत, जरा तिरकं बसलं तरी चिप जाते.

आता बेसिक. माझ्यापुरता निर्णय इथे लागला, आणि तो एका साध्या रेघेवरून लागला.

स्पेक्ट्रमवर ‘प्लॉट ०,०’ आणि ‘ड्रॉ २५५,१७५’ लिहिलं की कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ तयार. ‘सर्कल १२८,८८,५०’ म्हटलं की वर्तुळ. उगम डाव्या खालच्या कोपऱ्यात आहे आणि उंची १७५ पर्यंतच, कारण खालच्या दोन ओळी संदेशांसाठी राखीव. ‘ड्रॉ’चे आकडे मागच्या बिंदूपासून मोजायचे असतात, हे विसरलं की ‘इंटिजर आउट ऑफ रेंज’ ठरलेलं. एवढं ध्यानात आलं की संध्याकाळभर नक्षी काढत बसता येतं.

हीच रेघ कमोडोरवर काढायची तर बेसिकमध्ये त्यासाठी आज्ञाच नाही. तिथलं बेसिक व्ही२ मायक्रोसॉफ्टकडून घेतलेल्या, १९७७ च्या पेट यंत्रापासून चालत आलेल्या भाषेचं रूप आहे. नव्या चित्र-चिपची आणि सिडची त्याला ओळखच करून दिलेली नाही. म्हणून आधी मेमरीच्या ५३२६५ क्रमांकाच्या घरात ३२ चा बिट चढवायचा, ५३२७२ मध्ये ८ चा, म्हणजे ८१९२ पासून चित्राची जागा सुरू होते. त्या जागेत कचरा असतो. ८००० घरांत एकेक शून्य ‘पोक’ करायचं, म्हणजे थेट लिहायचं. बेसिकच्या फेऱ्यानं याला अर्धा मिनिट तरी लागतं असं मला वाटतं. मग १०२४ ते २०२३ मध्ये रंग भरायचा. मग प्रत्येक ठिपक्यासाठी ओळ, रकाना, बाइट आणि बिट यांचं गणित करायचं, आणि ते सुद्धा रेघेतल्या प्रत्येक ठिपक्याला नव्यानं. रेघ मुंगीच्या चालीनं सरकताना दिसते. वर प्रोग्राम आणि त्याची चलं मिळून सहा केबीच्या आसपास गेली की ती चित्राच्या जागेत घुसतात आणि पडद्यावर ठिपक्यांची रांगोळी उमटते. बिघाड यंत्रात नसतो, जागेच्या आखणीत असतो, पण नवख्याला ते कळायला फार वेळ जातो.

सिमन्स बेसिकचं कार्ट्रिज लावलं की ही अडचण बरीचशी सुटते, हे खरं. मात्र मग तुमचा प्रोग्राम ज्याच्याकडे ते कार्ट्रिज आहे त्याच्याच यंत्रावर चालतो.

आवाजाचंही तसंच. सिडमधून एक स्वर काढायला ५४२९६ मध्ये आवाजाची पातळी, ५४२७७ आणि ५४२७८ मध्ये स्वराची चढण-उतरण, ५४२७२ आणि ५४२७३ मध्ये कंपनसंख्या, ५४२७६ मध्ये १७, आणि थांबवायला १६. निघणारा स्वर सुरेख असतो आणि तो वाजत असताना प्रोग्राम पुढे चालू राहतो, हे मोठं सुख. स्पेक्ट्रमचा ‘बीप’ वाजेपर्यंत बाकी सगळं थांबतं आणि आवाजही किरटा. पण ‘बीप’ला फक्त वेळ आणि स्वर सांगायचा, आणि स्वर अर्ध्या पट्टीच्या हिशेबात: ० हा सा, २ रे, ४ ग, ७ प, ९ ध, १२ वरचा सा. झाला भूप. कोमल रे हवा तर १, तीव्र म हवा तर ६. अपूर्णांकही चालतात, त्यामुळे दोन सुरांच्या मधली जागा लावून बघता येते. पेटीवर बोटं फिरलेल्या माणसाला हे लगेच हाती लागतं.

चलांच्या नावांतही कमोडोर अडवतो. तो पहिली दोनच अक्षरं पाहतो, म्हणून ‘लाइव्ह्ज’ आणि ‘लिमिट’ ही इंग्रजी स्पेलिंगची नावं त्याच्या लेखी एकच. ‘स्कोअर’ तर वापरताच येत नाही, कारण त्या स्पेलिंगमध्ये ‘ऑर’ ही आज्ञा दडलेली आहे. ‘टोटल’मध्ये ‘टू’ आहे. गुण मोजणाऱ्या पहिल्याच गेममध्ये ‘सिंटॅक्स एरर’ येते आणि ओळ तर निर्दोष दिसते. ही चूक तो ‘रन’ केल्यावर दाखवतो. स्पेक्ट्रम चुकीची ओळ एंटर दाबतानाच नाकारतो आणि कुठे अडलं तिथे प्रश्नचिन्ह लावतो. शिकणाऱ्यासाठी हा फरक मला फार मोलाचा वाटतो. कमोडोरच्या फ्लॉपीवर काय आहे ते बघायला यादी लोड केली की मेमरीतला प्रोग्राम पुसला जातो, हेही लक्षात असू द्या: आधी सेव्ह, मग यादी.

स्पेक्ट्रमचा स्वतःचा जाच कमी नाही. आज्ञा अक्षरं जुळवून टाइप करता येत नाहीत, एका कळीला एक आज्ञा. ‘प्लॉट’ क्यूवर, ‘ड्रॉ’ डब्ल्यूवर, इथवर ठीक. पण ‘सर्कल’साठी कॅप्स शिफ्ट आणि सिम्बॉल शिफ्ट एकदम दाबून सोडायचे आणि मग सिम्बॉल शिफ्टसह एच. पहिले काही दिवस डोळे कीबोर्डवरच राहतात. वेगातही त्याचं बेसिक कमोडोरच्या मागे आहे. ओळ दुरुस्त करणं कमोडोरवर फार सोपं: कर्सर वर नेला, बदल केला, रिटर्न दाबलं. इथे ओळ खाली बोलावून घ्यावी लागते. हे सगळं मान्य करूनही हा त्रास बोटांना सवय झाली की मागे पडतो. पोकच्या आकड्यांचा तक्ता मात्र कायम शेजारी उघडा ठेवावा लागतो.

मराठी माणसासाठी आणखी एक गंमत. स्पेक्ट्रमवर २१ अक्षरं आपण स्वतः घडवू शकतो, प्रत्येकी आठ बाइट. चौकटी एकमेकींना चिकटून असल्यानं प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट २५५ ठेवला की शिरोरेषा सलग येते. ‘म’साठी २५५, ३४, ३४, ३४, १२६, ९८, २, ० हे आकडे पहिल्या अक्षराच्या पत्त्यापासून (तो ‘यूएसआर’ सांगतो) पोक करा. उकार ‘ओव्हर १’ (आधीच्या छापावरच छापण्याची आज्ञा) वापरून त्याच चौकटीत छापता येतो, फक्त त्यात शिरोरेषा पुन्हा नको. ठिपक्यावर ठिपका पडला की दोन्ही पुसले जातात. वेलांटी आणि मात्रा वरच्या चौकटीत. कमोडोरवर हेच करायला आधी रॉममधली अक्षरं रॅममध्ये उतरवावी लागतात, आणि त्याआधी इंटरप्ट (यंत्राची मधूनमधून आपोआप चालणारी कामं) बंद करायला विसरलात तर यंत्र जागीच गोठतं.

विकत घेताना वीजपुरवठा आधी तपासा. कमोडोरचा मूळ ठोकळा म्हातारा झाला की ५ व्होल्टऐवजी जास्त देऊ लागतो आणि रॅम जाळतो. प्लगमधल्या पाचव्या आणि दुसऱ्या पिनांत मोजा, ५.२ च्या वर असेल तर जोडू नका, नवाच घ्या. पडदा काळा आणि बाकी सगळं शांत असेल तर पीएलए या, मेमरी आणि चिपांची निवड करणाऱ्या चिपवर संशय घ्या. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून येणारं यंत्र ११० व्होल्टचं आणि एनटीएससी (तिकडच्या टीव्ही पद्धतीचं) असतं. इथल्या २३० व्होल्टला थेट लावलं तर गेलं, आणि युरोपात लिहिलेले बरेच गेम त्यावर नीट चालत नाहीत.

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतं, पण मधली पिन ऋण असते. बाजारातले बहुतेक अॅडॉप्टर उलटे. ४८केमधल्या खालच्या आठ ४११६ रॅम चिपांना तीन व्होल्टेज लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५. यातलं उणे ५ नाहीसं झालं की चिपा एकेक करून जातात, म्हणून विकणाऱ्याला फक्त चित्र दाखवायला सांगू नका, मीटर लावू द्या म्हणा. कीबोर्डचा पातळ पडदा ठिसूळ झालेला असणारच, नवा मिळतो. १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं भारतात परवान्यानं विकलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस कुणाच्या माळ्यावर सापडला तर त्यालाही हेच लागू.

आधी फ्यूज (स्पेक्ट्रम) आणि व्हाइस (कमोडोर) या एम्युलेटरांवर, म्हणजे जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामांवर, एक चौकोन आणि वरचा भूप दोन्हीकडे लिहून बघा. त्यानंतरही कळीवरच्या आज्ञा नकोशा वाटल्या तर १९८६ चा करडा स्पेक्ट्रम प्लस टू पाहा: त्यात आज्ञा अक्षरांनी टाइप होतात, ‘प्ले’ आज्ञेनं तीन आवाज वाजतात आणि ४११६ चा घोर नाही. मला विचाराल तर बेसिकसाठी तोच घ्यावा. फक्त त्याच्या कॅसेट डेकचा रबरी पट्टा बदलून घ्या, आणि बाहेरून आवाज द्यायचं छिद्र त्याला नसल्यानं फोनवरून प्रोग्राम चढवायला गाडीच्या टेपसाठी मिळायचा तो कॅसेटच्या आकाराचा अॅडॉप्टर जवळ ठेवा.