हार्ट पॅकेज ठीक, पण लघवीची बाटली कुठंय?

सांगलीतल्या एका लॅबच्या हार्ट पॅकेजमध्ये ईसीजी, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), एचबीएवनसी (गेल्या २-३ महिन्यांची सरासरी शुगर) आणि क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा) मिळतं. रक्त घेणाऱ्यांचा हात हलका, रिपोर्ट संध्याकाळपर्यंत मोबाइलवर. इथवर तक्रार नाही.

खोट आहे ती किडनीच्या बाबतीत. क्रिएटिनिनचा नुसता आकडा छापतात, ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगानं रक्त गाळते याचा अंदाज, काढून देत नाहीत. ६५ वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.१ आलं, तर रिपोर्टवर 'नॉर्मल'. ईजीएफआर काढायच्या २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रानं मात्र ईजीएफआर ५६ च्या आसपास निघतो. तो ६० च्या खाली ३ महिने टिकला, तर तो किडनीचा जुनाट आजार, आणि हृदयाचा धोकाही वाढलेला.

लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर, म्हणजे एसीआर, पॅकेजमध्ये नाहीच! काउंटरवर 'युरिन रुटीन करा, तेच असतं' असं सांगतात. तेच नसतं, युरिन रुटीनमधल्या साध्या पट्टीला थोडं अल्ब्युमिन दिसत नाही. शुगर-बीपीवाल्यांनी एसीआर वेगळं मागून घ्यावं. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा. ताप, पाळी किंवा आदल्या दिवशीचा जड व्यायाम असेल तर पुढे ढकला, नाहीतर आकडा फुगतो. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम किंवा जास्त आलं तर घाबरू नका, ३ ते ६ महिन्यांत परत तपासा. तीनपैकी दोनदा वाढलेलं असेल तरच ते खरं धरायचं.

पाचपैकी तीन तारे.